दहापैकी आठ

फोन ठेवता ठेवता धाकटी आईला म्हणाली, "आपला दिवस चांगला जावो," आणि तेव्हापासून आईच्या जिवाला जो घोर लागला तो काही केल्या सुटेना.

धाकटीच्या तोंडून ते निसटलं होतं. तिच्या लक्षातही आलं नसावं. दिवसभर काउंटरवर ज्याला त्याला म्हणायचं वाक्य, ते सवयीने जन्मदात्रीलाही म्हणून मोकळी झाली. बाबा हसले. म्हणाले, "बघ, किती शिस्तीची झाली पोरगी." आईला हसू आलं नाही. तिला वाटलं, मुलगी एवढा वेळ आपल्याशी बोलतच नव्हती. ती गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि ते गिऱ्हाईक आपण होतो.

एकदाच झालं असतं तर आईने सोडून दिलं असतं. पण मागच्या सुट्टीला धाकटी घरी आली होती, तेव्हा बाबांच्या हातून पेला पडून फुटला आणि "सॉरी" धाकटी म्हणाली. नळ गळतोय म्हटलं तर म्हणाली, "नोंद करून घेते." पानं कधी घ्यायची विचारलं तर, "होऊनच जाईल आता, मी स्वतः लक्ष घालते." लहानपणी हीच पोरगी अशी, की कान पिळला तरी चूक कबूल करायची नाही. शाई हातावर, शाई फ्रॉकवर, शाई जिभेवर, आणि तोंडाने "मी नाही सांडली". ती आता न केलेल्या चुकांची माफी मागत हिंडत होती.

धाकटी गाड्यांच्या एका शोरूममध्ये काम करते. पुढे विक्री, मागे सर्व्हिस. पुढे गाडी घेणाऱ्याला फुलांचा गुच्छ मिळतो, किल्ली हातात देतानाचा फोटो काढतात. तोच माणूस वर्षभराने तीच गाडी घेऊन मागच्या दाराने आला की त्याला टोकन मिळतं. धाकटीच म्हणायची, "पुढच्या दाराने जावई, मागच्या दाराने उसनवार मागायला आलेला शेजारी."

तिने गाड्यांचा डिप्लोमा केला तो हात काळे करायच्या हौसेने. मुलाखतीला गेली तेव्हा तिला वाटलं, वर्कशॉपमध्ये घेतील. तेव्हाच्या साहेबांनी तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा आवाज छान आहे, तुम्ही काउंटरला बसा." झालं. चांगल्या आवाजाची शिक्षा ती तेव्हापासून भोगतेय.

काउंटर म्हणजे जात्यातली जागा. गिऱ्हाईक तिच्यावर ओरडणार, कारण चारला देतो म्हणालेली गाडी सहालाही उभीच. वर्कशॉप तिच्यावर ओरडणार, कारण चारची वेळ तिने दिलीच कशी. ती वेळ द्यायला साहेबांनी सांगितलेलं असतं, आणि साहेब नेमके तेव्हा मीटिंगमध्ये असतात. मग उरतो पार्ट. पार्ट येतोय. "आई," ती एकदा म्हणाली होती, "काही पार्ट असे आहेत, की मी लागले तेव्हापासून येतायत."

सुरुवातीला ती हे सगळं रंगवून सांगायची. लोक गाडीचे आवाज तोंडाने काढून दाखवतात, ही तिची सगळ्यात आवडती गोष्ट. एक कोटवाले गृहस्थ होते, कुठल्याशा बँकेत मोठ्या हुद्द्यावर. ते काउंटरवर ओणवे व्हायचे आणि गाल फुगवून "कुर्रर्र, कुर्रर्र, टक्" करायचे. धाकटीने लिहायला घेतलं की हात वर करायचे. "नाही, तसं नाही. थोडं ओलसर."

"मग काय लिहिलंस?" बाबांनी विचारलं होतं.

"ओलसर कुर्र."

आणि हा आवाज सर्व्हिस सेंटरात कधीच यायचा नाही. दवाखान्याची पायरी चढली की ताप उतरावा, तशी गाडी त्यांच्या फाटकातून आत आली की गुणी बाळ व्हायची. कारागीर दोन चकरा मारून यायचा, "आवाज आढळला नाही" असं लिहायचा, आणि गाडी धुवायला पाठवायचा. कुठलंही दुखणं असो, गाडीला अंघोळ ठरलेली. धुतलेली गाडी बघून निम्मी माणसं गप्प बसतात, असा साहेबांचा अनुभव होता. कोटवाले निम्म्यांतले नव्हते.

हळूहळू धाकटी या गोष्टी हसू न येता सांगायला लागली. मग सांगेनाशीच झाली. कामाच्या जागेजवळ तिने खोली घेतली होती, तिथून रोज फोन करायची, तोही आटोपता.

मुलीचं काय चाललंय ते डोळ्यांनी बघावं, असं आईच्या मनात होतंच. निमित्त गाडीने दिलं. घरची जुनी गाडी डावीकडे वळवली की "कुईं" करायची. बाबा म्हणाले, "कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवतो." आई म्हणाली, "घरचा वैद्य असताना बाहेर कशाला?" आणि स्वतः गाडी घेऊन गेली.

ओळखीच्यांना सूट देतात असा बोभाटा नको म्हणून घरच्यांना तिथे ओळख दाखवायची नव्हती. आईला ते सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं असणं वेगळं आणि आपल्या पोटच्या पोरीने काउंटरपलीकडून मान तुकवणं वेगळं.

"नमस्कार मॅडम. काय तक्रार आहे?"

"तुझा आवाज किती बसलाय गं."

"गाडीची तक्रार, मॅडम."

"डावीकडे वळताना कुईं करते. तुला माहीत नाही का? मागच्याच आठवड्यात तू—"

"हळू बोल ना," धाकटी कागदात बघत पुटपुटली, "साहेब बघतायत." मग मोठ्याने, "आपण बसून घ्या, मॅडम. मी स्वतः लक्ष घालते."

आई बसून घेती झाली. सोफा असा गुळगुळीत, की माणूस सारखा पुढे घसरायचा. भिंतीवरच्या टीव्हीत एक गाडी मोकळ्या डोंगरवाटेवरून चालली होती, चाललीच होती. कोपऱ्यात कॉफीचं यंत्र होतं आणि त्यावर "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आईला तिकडे बघताना पाहिलं.

"मागच्या खेपेलाही बंदच होतं," ते म्हणाले. "मी तेव्हाच समजायला हवं होतं. ज्यांना कॉफी काढता येत नाही त्यांच्या हाती आपण ब्रेक देतोय."

तेवढ्यात कोटवाले आले. आईने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण ते ओणवे झाले तसे ओळखले. धाकटीने तक्रार लिहायचं जॉब कार्ड पुढे ओढलं. ते म्हणाले, "तुम्ही नको. कुणी जाणता माणूस असेल तर बोलवा."

"सर, मीच तुमच्या गाडीचं—"

"अहो, गाडीतलं कळणारा कुणी."

आई सोफ्यावरून अर्धी उठली. धाकटीने कोटवाल्यांच्या खांद्यावरून तिच्याकडे एक नजर टाकली, आणि वर्गात मुलांना जिथल्या तिथे बसवण्यात हयात घालवलेली आई निमूट खाली बसली. साहेब आले, कोटवाल्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम जरा नवीन आहेत, सर. समजून घ्या." साहेब धाकटीच्या नंतर लागले होते.

"सॉरी सर," धाकटी म्हणाली.

मग ती काचेच्या दारातून वर्कशॉपमध्ये गेली. आईच्या जागेवरून आतलं दिसत होतं. कोटवाल्यांची गाडी एव्हाना वर उचललेली होती. धाकटीने मिस्त्रीच्या हातातला टॉर्च घेतला, गाडीखाली शिरली, मान वाकडी करून वर बघू लागली. मिस्त्री काहीतरी म्हणाला, तिने हात नाचवून काहीतरी सांगितलं, कशावर तरी बोट ठेवलं, आणि दोघं हसले. तोंड उघडं टाकून, खांदे हलवत, शाईने माखलेली असताना हसायची तशी ती हसली. बाहीला ग्रीस लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. परत येताना मात्र ती दारापाशी क्षणभर थांबली. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं तिने ते हसू काढून ठेवलं, आणि मग आत आली.

आईची गाडी संध्याकाळी मिळाली. लखलखीत धुतलेली. सीट एवढी मागे सरकवलेली की पाय पोचेनात, आणि रेडिओवर कुणीतरी भलतंच स्टेशन लावून ठेवलेलं. धाकटी फाटकापर्यंत सोडायला आली, कारण तसा नियम होता. बाहेर पडताना डावीकडेच वळायचं होतं.

"कुईं," गाडी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"परत घेऊ आत?" धाकटीने विचारलं.

"नको बाई. दमलीस तू. जा."

धाकटीला आणखी काहीतरी बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि हात हलवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसातून फोन आला. गोड गळ्याच्या एका मुलीने विचारलं, "आमच्या काउंटरवरच्या सर्व्हिस सल्लागाराला आपण दहापैकी किती गुण द्याल, मॅडम?"

आता आईची गुण देण्याची ख्याती अशी, की शाळेत तिच्याकडून सात मिळाले तर पोरं घरी नाचत जायची. दहा तिने कुणालाच दिले नव्हते. दहा दिले की शिकायचं काय उरलं, असं ती म्हणायची. तिने नीट विचार केला. गाडी कुईं करतेय ती करतेच आहे, पण ते काही काउंटरचं काम नव्हे. वागणं, बोलणं, सोशीकपणा, सगळं उत्तम. नऊ द्यावेत असं एकदा वाटलं. मग वाटलं, पोटची पोर म्हणून हात सैल सोडणं बरं नव्हे.

"आठ," आई म्हणाली, आणि तिचा ऊर भरून आला.

धाकटीचा फोन आला तो त्यानंतर, एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मागे भांड्यांचा आवाज होता.

"आई, तू आठ दिलेस?"

"हो. कळलं का तुला? चांगले दिले की गं."



"आमच्याकडे नऊ आणि दहा पास. त्याखाली सगळं नापास. आठ काय आणि एक काय, सारखंच."

"हे कुठलं गणित?"

"कंपनीचं. कोटवाल्यांनी एक दिला. त्यांचा एक आणि तुझे आठ एकाच रांगेत बसलेत. साहेबांनी मागेच सांगितलं होतं, या महिन्यात आणखी नापास पडले तर काउंटर सोडा."

"काउंटर सोडून कुठे जायचं?"

"घरी, आई. नोकरी सोडा म्हणतायत."

"मग मला आधी सांगायचं नाहीस? तोंड शिवलं होतं का?"

"सगळ्यांना सांगते. दहा द्या सर, दहा द्या मॅडम, फाटकापर्यंत मागे मागे जाऊन मागते. दिवसभर तेच करते." धाकटीचा आवाज चिडका नव्हता. चिडलेला असता तर बरं झालं असतं. "तुझ्याकडेही मागायचं जिवावर आलं."

"आता बदलता येत नाही का?"

"येतं. गिऱ्हाइकाने आपणहून फोन केला तर. उद्या संध्याकाळपर्यंत. पण राहू दे. तुला जे वाटलं ते सांगितलंस तू." आणि मग, "सॉरी हं, तुला उगाच त्रास," म्हणून तिने फोन ठेवला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"फोन कर आणि दहा सांग. तुझी जीभ झिजणारेय का?"

"दहा सांगितले की ती तिथेच राहिली."

"मग आठच राहू देत."

"म्हणजे माझ्या हाताने पोरीची नोकरी घालवू?"

"मग तुला करायचंय तरी काय?" बाबा म्हणाले, आणि गळका नळ बघायला गेले.

आईने हेड ऑफिसचा नंबर शोधून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती त्या नंबराभोवती घुटमळत होती. धुणं झालं, झाकपाक झाली. तिला नोकरी गेलेली धाकटी दिसायची, खोलीचं सामान बांधताना. दहा सांगून टाकूच, असं ठरवून ती फोनपाशी जायची. तिथे गेली की तिला काचेच्या दारापाशी थांबून हसू काढून ठेवणारी धाकटी दिसायची, आणि हात मागे यायचा. इकडे आड, तिकडे विहीर. एकदा तर वाटलं, करूच नये काही. जे व्हायचं ते आपोआप होईल आणि आपल्या माथी येणार नाही. या विचाराची तिची तिलाच लाज वाटली.

दुपारी ती फोनजवळच्या खुर्चीत येऊन बसली. मनाशी म्हणाली, त्या आधीच्या साहेबांनी आवाज ऐकला आणि पोरीला काउंटरवर बसवलं, तिला विचारलं नाही. त्या कोटवाल्याने जाणता माणूस मागवला, तिला विचारलं नाही. आणि आपण काल दुपारपासून पोरीचं काय करायचं ते ठरवतोय, ती जणू वर उचलून ठेवलेली गाडीच आहे. धाकटीची जेवणाची सुट्टी संपायला अजून अवकाश होता.

विचारायचं एवढंच होतं, की बाई गं, तुला तिथे राहायचंय का. हो म्हणाली, तर आयुष्यात पहिल्यांदा दहा द्यायचे, तेही कुईं करणाऱ्या गाडीसाठी. नाही म्हणाली, तर सामान आणायला बाबांना पाठवायचं. आणि मला माहीत नाही म्हणाली, तर माहीत होईपर्यंत फोन ठेवू द्यायचा नाही.

आईने हेड ऑफिसचा नंबर बाजूला सारला आणि धाकटीचा लावायला घेतला.