बिटकॉइन आणि सुके बांगडे

मालवणात मोबाईलचं दुकान टाकलं की किस्से शोधावे लागत नाहीत. रिचार्जला आलेला माणूस एखादा ठेवूनच जातो. क्रिप्टोचे किस्से मात्र आमच्या संध्याकाळच्या बैठकीत साठले. पूर्वी सांगताना हसायचो, आता तेवढं हसू येत नाही.

मासळीचे व्यापारी इक्बालभाई डॉलरला बांधलेल्या स्टेबलकॉइनवर खूश होते. "ह्यो सुको बांगडो. भाव चढाचो नाय, पण कुसान वाया जावचोव नाय." पुढे ते कॉइन काढणारी कंपनीच बुडाली. इक्बालभाई म्हणाले, "गोदामातच पाणी शिरला, तर बांगडो काय करतलो?"

पर्यटकांना स्कूबाला नेणारा सुहास ईथर या कॉइनचा भक्त. त्यावर करार होतात, धंदे चालतात, हे त्याचं पालुपद. एकदा कुठल्याशा लिंकवर त्याने ओके दाबलं आणि वॉलेट रिकामं झालं.

"दाबण्याआधी वाचलंस तरी का?" मी विचारलं.

"बोट सुटत होती रे."

मग त्याला एक मीम कॉइन सापडलं. इंटरनेटवरच्या विनोदातून निघालेलं, स्वस्त आणि रोज चढणारं. या वेळी त्याने गावच्या देवाला कौल लावला. कौल उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार. कॉइन आठवडाभर चढलं आणि एका दुपारी मातीत गेलं. सुहास गुरवाशी भांडायला गेला. गुरव शांतपणे म्हणाला, "चढतला काय, ह्या इचारलंस. रवतला काय, ह्या खंय इचारलंस?"

नाना जहाजावरून रिटायर झालेले. त्यांचं सगळं बिटकॉइनमध्ये. "त्येचो साठो ठरलेलो, कोणाक वाढवूक येवचो नाय. आणि माझ्या बारा शब्दांशिवाय कोणाक हात लावक येवचो नाय." ते बारा इंग्रजी शब्द म्हणजे त्यांच्या वॉलेटची किल्ली, ती त्यांनी फक्त डोक्यात ठेवली. बायकोने, कुंदाकाकींनी विचारलं, तर म्हणाले, "दोघांक कळला काय गावाक कळला."

गेल्या पावसाळ्यात नानांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उरला एकच शब्द, "होय". गोव्यातले उपचार पैशांपायी अडले. ते बारा शब्द एका ठरलेल्या यादीतलेच असतात, म्हणून इक्बालभाई खाटेशी बसून फोनवरची यादी वाचू लागले. नाना प्रत्येक शब्दाला "होय" म्हणत होते. आम्ही आधी आनंदलो, पण तेराव्या शब्दालाही "होय" आलं.

काकी पुढे आल्या. "माका वळाखतास ना?"

"होय."

काकींनी पुन्हा विचारलं.

"मी तुमची भैण ना?"

"होय," नाना म्हणाले.