माझ्या अंगठ्यावर अक्काचं नाव

काल दुपारी मशीननं मला मेलेल्या बहिणीच्या नावानं ओळखलं.

एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे माझं. आज अक्काला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

आम्ही दोघीच बहिणी. अक्का थोरली, मंगळवार पेठेत तिचं चटणी कांडपाचं दुकान. मी धाकटी, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

कॉलेजात आम्ही एक छोटं मशीन बनवतोय. एक क्लिप हाताच्या बोटाला, एक पायाच्या अंगठ्याला. आत बारीक लाईट. सुई नाही, रक्त काढणं नाही.
ठोका बोटापाशी कधी पोचला आणि अंगठ्यापाशी कधी, एवढंच बघायचं. रक्तवाहिनी मऊ असेल तर तो रमतगमत जातो. ताठ झाली असेल तर पळत सुटतो.

पळणारा ठोका वाईट. बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

अक्का आमची पहिली गिऱ्हाईक. तिची बोटं मिरचीनं कायमची लाल, सिग्नलच मिळेना. शेवटी वरची क्लिप कानाच्या पाळीला लावली.
खालची अंगठ्याला लावायला गेले, तर हिनं पाय मागं घेतला.

"अगं ए, अंगठं मेल्यावर बांधत्यात. जिती हाय की मी अजून."

"बांधत नाही गं, चिमटा लावतेय."

"त्येच त्ये. लाव, लाव. मेल्यावर हात थरथरंल तुझा, आत्ताच सराव कर."

असली तिखट बाई.

तिचा ठोका पळत होता. मी म्हटलं, अक्का, आजच्या आज डॉक्टरांकडं चल.

"हंगाम संपू दे की. दारात पोती पडल्यात लोकांची."

हंगाम संपायच्या आत तीच संपली. दुकानात, बसल्या जागी. शेजाऱ्यांना बराच वेळ कळलं नाही, कारण आत कांडप चालूच होतं. धाड धाड धाड.

तर काल.

नवा सेन्सर आला होता. घरीच, स्वतःला लावून बघितला.
एकाचं रीडिंग दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून कॉलेजातल्या पोरांनी सॉफ्टवेअरमध्ये एक सोय केलीय. ठोक्याची ठेवण बघून, आधी तपासलेल्या माणसांतलं सगळ्यात जवळचं नाव ते सुचवतं.

स्क्रीनवर आलं, अक्का.

म्हटलं बग असेल. रिस्टार्ट केलं.
अक्का.
क्लिप काढून परत लावली.
अक्का.

माझं जुनं रीडिंगही आत आहे की. त्याच्याशी मी जुळेना.

मग नवऱ्याला बसवलं. त्याचं नाव बरोबर आलं. मशीन ठणठणीत होतं. त्याला उठवून मी परत क्लिपा लावून बसले.

आई मागं कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. तिनं स्क्रीन वाचली.

"आली का गं?"

"आई, तसं नसतंय ते."

"वर्साला माणूस येतंय. तुला काय ठावं."

आत गेली आणि चहा घेऊन आली. अक्काला लागायचा तसा, गोडमिट्ट. लॅपटॉपपाशी ठेवला. मग खाली बसून माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि क्लिप लावलेल्या अंगठ्यालाच विचारलं,

"येळंवर जेवतीस का न्हाई?"

स्क्रीनवरची लाट एकदम उसळली. ठोका माझाच होता. पण तेवढा वेळ मला खात्री नव्हती, खोटं कशाला बोलू.

आई उत्तराची वाट बघत होती.

"व्हय," मी म्हटलं.

मी कधी व्हय म्हणत नाही. आमच्या घरात तसं अक्काच म्हणायची.

आईचं समाधान झालं. डोळे पुसून उठली आणि आजच्या वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाची डाळ निवडायला बसली. कितीतरी दिवसांनी तिला गुणगुणताना ऐकलं.

मला मात्र कळायचं ते कळलं होतं. अक्का आली नव्हती. माझ्या शिरा तिच्या वाटेनं निघाल्यात.

आईला सांगितलेलं नाही. ती फेसबुकवर नाही. तुम्हीही कुणी बोलू नका.

उद्या सकाळी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. नवरा बरोबर येतोय.

अक्का, तुझी फार आठवण येते गं.
खरंच आली असशील तर चहा पी आणि जा.
माझ्यासाठी थांबू नको.
आईला एक लेक तरी राहू दे.