धातू दीड

खाली कुणाच्या खिडकीसाठी अ‍ॅल्युमिनियम कापतायत. त्या तापलेल्या वासाने अंधेरीचं जुनं ऑफिस आठवलं. एका ब्रॅकेटचं हलकं, स्वस्त डिझाइन मी कॉम्प्युटरकडून काढून घेत होतो. जाडी दीड, पावणेदोन मिलिमीटर, कितीही चालली असती. धातूंना मात्र मी आकडे दिले होते, स्टील एक, अ‍ॅल्युमिनियम दोन. उत्तर आलं, धातू दीड. शेजारच्या टेबलावर काम करणारी ती खो खो हसली, “दीड धातू कुठे मिळतो रे?” पुढे तिने बंगळूरची नोकरी धरली. “माझ्यासोबत येतोयस ना?” तिने विचारलं. मी म्हणालो, “बघू.” बोरीवलीला तिच्या बसपाशी भरलेली बॅग घेऊन पोहोचलो. “तिकीट?” तिने विचारलं. मी काढलंच नव्हतं. “दीड,” ती हळूच म्हणाली आणि चढली. बस गेल्यावरही मी तिथेच उभा होतो. आता माझा प्रोग्रॅम आधी धातू ठरवतो, मग जाडी. त्याला जमतं.