पाठमोरा नावाडी

१९७४ साली मी चौतीस वर्षांचा होतो. आमी बोरी गावचे अठरा जण वर्गणी काढून, भाकरी बांधून कोकणातलं बेट बघायला गेलो. समुद्र बघून सगळे लेकरांवानी नाचायलेते. बेटावरची गुहा बघून झाली अन् मला जोर चढला. म्हणलं, "तुमी होडीत बसा, मी पोहत काठ गाठतो. गंगाखेडला पुरात गंगा, म्हंजी आपली गोदावरी, पोहलेला गडी हाय मी!"

म्हातारा नावाडी होडीच्या मागच्या टोकाला उभा होता. निघण्याआधी तो दर खेपेला पाणी कपाळाला लावायचा. म्हणाला, "पावणे, तुमची गंगा एकाच वाटेनं जाते. हा समुद्र परत ओढून नेतो."

मी ऐकतो व्हय? उडी मारली. निम्म्यात ओहोटीनं ओढलं, हात गळाले, पण ओरडायची लाज वाटली. नावाड्यानं होडी माझ्यापुढं आणली. "समोर बघा, मासे उडायलेत!" असं बाकीच्यांना सांगून, माझ्याकडं न बघता, पाठीमागं दोर सोडला. मी गपचूप धरला, काठाजवळ आल्यावर सोडला. गड्यांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं. नावाडी पाठमोरा होऊन दोर गुंडाळत बसला. मदत करून गावभर सांगणारे मी लय बघितलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना काठावर त्या नावाड्याकडं नेलं, दोराचं खरं सांगितलं अन् जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाच्या पाया पडलो.