उन्हाळ्याचं पहिलं अक्षर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते धामणगाव बढेच्या आमच्या इंग्रजीच्या सरांचे. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरांनी शिकवलेल्या इंग्रजीवर मी पदवी घेतली आणि शेगावच्या एका इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून लागलो. नोकरी तात्पुरती होती. पुढे ठेवायचं की नाही, ते एप्रिलअखेर ठरणार होतं.

नेमकी तेव्हाच सुट्टीची इंग्रजी नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं. सुपरवायझर मॅडमनी ती तपासली आणि शाळेच्या उन्हाळी शिबिराचं नाव सोडून जिथे जिथे 'समर' होतं तिथे लाल गोल केला. तिथे मी पहिलं अक्षर लहान लिहिलं होतं.

"महिन्यांना कॅपिटल, वारांना कॅपिटल, मग उन्हाळ्यानंच काय घोडं मारलं, सर? दुरुस्त करा आणि खाली तुमची सही करा."

आजवर कुठल्याच नोटिशीवर शिक्षकाची सही नव्हती. मग माझीच का? मॅडमच्या नणंदेची मुलगी नुकतीच बी.एड. झालेली. शिवाय, 'तुमचं सगळं मराठी माध्यमातच झालं ना?' असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. सही केली तर चुकीचं इंग्रजी माझ्या नावावर, नाही केली तर मी उद्धट. डबा तसाच ठेवून मी मागच्या व्हरांड्यातून सरांना फोन लावला.

"व्याकरणाचं पुस्तक पाह्यलं?" सगळं ऐकून सरांनी विचारलं.

"पाहिलं सर. लहानच आहे."

"मंग मले काऊन विचारून राह्यला?"

"मॅडम मानणार नाहीत."

"लग्नाची पत्रिका दाखव त्यायले. पोरगं घरात असते तवा नुसतं नाव. पत्रिकेत छापलं का चि. लागते. ऋतूचंही तसंच. रोजच्या बोलण्यात लहान, अन् एखाद्या कार्यक्रमाच्या नावात आला का मान द्याचा." मग आवाज खाली आला. "पण ते बाई सही काऊन मागून राह्यली बे?"

सरांनाही संशय आला म्हटल्यावर माझा पक्का झाला.

स्टाफरूमच्या फळ्यावर शिपायाच्या मुलाची लग्नपत्रिका लावलेली होती. ती काढून मी मॅडमसमोर ठेवली. सरांनी सांगितलं तसंच सांगितलं. सुट्टीतला 'समर' लहान, आपल्या शिबिराचं नाव 'समर कॅम्प' मात्र मोठ्या अक्षरांनी. त्यांनी पत्रिकेतल्या 'चि.'वर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"मागच्या वर्षी नोटिशीत तारीख चुकली होती," त्या म्हणाल्या. "बोलणी मी एकटीनं खाल्ली. म्हटलं, यंदा सोबतीला कोणाची तरी सही असावी."

खरं असेलही. नणंदेच्या मुलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. लाल गोल खोडून त्यांनी एकट्यांनीच सही केली आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो निम्माच प्यायलो.

निर्णय झाला तेव्हा मी सरांना हे पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, नमस्कार. मला वर्षभरासाठी ठेवलं आहे. माझं नाव मॅडमनीच सुचवलं, असं संचालक म्हणाले. का सुचवलं ते मला अजून उमगलेलं नाही. त्यांच्या नणंदेच्या मुलीलाही घेतलं आहे, पाचवीसाठी. आठवी माझ्याकडे आहे. शाळा उघडली की एकदा या. महाराजांचं दर्शनही होईल. मागच्या बाकावर बसून माझा एक तास ऐका. काही चुकलं तर तिथे बोलू नका, बाहेर आल्यावर सांगा."