पन्नास लाखांची नोट

माझा नवरा झैरमध्ये कामाला आहे असं मी सांगितलं की पनवेलमध्ये बहुतेकांना 'जहर' ऐकू यायचं. शेवटी मी नुसतं आफ्रिका म्हणायला लागले.

तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता. तो कारखाना बंद पडला. काही महिने घरी बसल्यावर त्याला झैरच्या राजधानीत, किन्शासात, एका गुजराती शेठच्या साबणाच्या कारखान्यात काम मिळालं. मी इथे प्राथमिक शाळेत शिकवत होते, मुलगी बालवाडीत होती. शेठचा धाकटा भाऊ मुंबईत मशीद बंदरला ऑफिस चालवायचा. पगार मला तिथून रुपयांत मिळायचा. नवऱ्याला हातखर्चाचे पैसे तिकडेच मिळत, तिथल्या चलनात. त्या चलनाचं नावही झैरच. देश, नदी आणि पैसा, तिघांचं एकच नाव. मला त्याची गंमत वाटायची.

ब्याण्णवच्या दिवाळीला तो रजेवर आला तेव्हा मुलीला दुकान-दुकान खेळायला म्हणून नोटांची एक गड्डी घेऊन आला. खऱ्या नोटा. प्रत्येकीवर बिबट्याच्या कातड्याची टोपी घातलेला त्यांचा राष्ट्राध्यक्ष. पैसे असे खेळायला देतात का, म्हणून मी रागावले. तो म्हणाला, या सगळ्या मिळून तिकडे एक धड पावसुद्धा येत नाही.

मग चकल्या खाता खाता त्याने मला त्या पैशाची सगळी कहाणी सांगितली. हे चलन निघालं तेव्हा एका झैरला दोन डॉलर मिळत. लोकांना त्याचा अभिमान होता. पुढे तिजोरीत काही नसलं की राष्ट्राध्यक्ष नोटा छापायचा, आणि छापल्या की त्या स्वस्त व्हायच्या. त्यांच्या कारखान्यात बॉयलरवर एक म्हातारा होता. त्याने तरुणपणी घर बांधायला म्हणून मोठ्या नोटा साठवल्या होत्या. एक दिवस रेडिओवर सांगितलं, मोठ्या नोटा बंद. बदलून घ्यायला मोजकेच दिवस दिले, आणि बँकेच्या दारात इतकी झुंबड उडाली की त्याचा नंबर लागलाच नाही. तेव्हापासून म्हातारा पगार हातात पडला की तडक बाजारात जाऊन तांदूळ, मासे, तेल, जे मिळेल ते घेऊन टाकायचा. नवराही आता तसंच करत होता, कारण सकाळचा भाव संध्याकाळी राहत नसे.

हे सगळं मी ऐकून घेतलं. पण पुढे बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की त्याला तिकडे बोलावलं होतं तेच मुळी आदल्या वर्षीच्या लुटीमुळे. पगार मिळत नाही म्हणून सैनिकांनी शहर लुटलं होतं. या कारखान्यातल्या मोटारी, स्विचबोर्ड, भिंतीत पुरलेल्या वायरीसुद्धा ओढून नेल्या होत्या. त्या पुन्हा बसवायला इलेक्ट्रिशियन हवा होता.

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी म्हटलं, तू परत जाऊ नकोस. तो म्हणाला, आता सगळं शांत आहे. आणि तळोज्यात काय आहे, ते तरी सांग. रजा संपली. तो गेला.

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक कोकणी मुसलमान कुटुंब राहायचं. नवरा आखातात, मुलगा अकरावीला. त्या बाईंना मी भाभी म्हणायचे. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, उंच, कमी बोलणाऱ्या. इराकने कुवेत घेतलं तेव्हा त्यांचा नवरा तिथे अडकला होता. त्यांचे दिनार रातोरात कागद झाले होते आणि कितीतरी दिवस ते जिवंत आहेत की नाही तेही कळलं नव्हतं. तेव्हाचा मोठा रेडिओ त्यांच्याकडे होता. त्यावर परदेशातून उर्दू बातम्या लागत. माझा नवरा आफ्रिकेत गेल्यापासून भाभी त्या बातम्या माझ्यासाठीही ऐकत.

डिसेंबरच्या शेवटी खालच्या मेडिकलवाल्याकडे नवऱ्याचा फोन आला. शेठच्या बिनतारी फोनवरून बोलत होता, आवाज तुटत होता. पन्नास लाखांची नोट निघाली आहे, म्हणाला. एकच नोट, पन्नास लाख. राष्ट्राध्यक्ष म्हणतो चालवा, पंतप्रधान म्हणतो ती नोट खरी धरू नका. दुकानदार पंतप्रधानाचं ऐकतात. तो थोडा हसलाही. मीही हसले, कारण मेडिकलवाला समोर उभा होता.

जानेवारीत मुंबई पेटली. पनवेलमध्ये काही झालं नाही, पण होईल असं रोज वाटायचं. आज अमुक ठिकाणाहून ट्रक येणार, उद्या दूध येणार नाही, अशा बातम्या जिन्यात फिरत. इमारतीतल्या पुरुषांनी गच्चीवर दगड नेऊन ठेवले. ते कुणाला मारायला, हे कुणी बोललं नाही. एका सकाळी भाभींच्या दारावरची नावाची पाटी नव्हती. त्यांनी ती स्वतःच काढली होती. तिच्या जागी रंगाचा फिकट चौकोन उरला होता, आणि तो पाटीपेक्षा जास्त डोळ्यांत भरत होता. त्यांची आई आणि भाऊ मुंबईला पायधुणीला होते. त्या घरात फोन नव्हता.

त्याच दिवसांत नवऱ्याचा पुन्हा फोन आला. तिकडच्या टीव्हीवर त्याने मुंबई जळताना पाहिली होती. गॅलरीत उभी राहू नकोस, मुलीला शाळेत पाठवू नकोस, असं तो भराभर सांगत होता. मी त्याच्याकडचं विचारलं. आधी तो टाळत होता. मग म्हणाला, "सैनिकांचे पगार याच नोटेत होणार आहेत. आणि बाजारात ती कुणी घेत नाही."

"मग?"

"मग काही नाही. शेठने सांगितलंय, आपणही घ्यायची नाही."

फोन कट झाला. मी मेडिकलच्या पायरीवर बसून राहिले. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला महिन्याचा पगार म्हणून एक कागद दिला आणि त्या कागदाचं त्याच्या पोरांना काही खायला मिळालं नाही, तर तो काय करेल, हे समजायला मला रेडिओची गरज नव्हती.

तरी ते रेडिओवरच आलं, महिनाअखेरीला. भाभींनी दार वाजवून मला बोलावलं आणि आवाज वाढवला. मला उर्दू तुटक समजायचं. नोटा नाकारल्या म्हणून फौज बिथरली होती. दुकानं, गोदामं, परदेशी माणसांची घरं लुटत होती. एका युरोपीय देशाचा राजदूत आपल्या कचेरीच्या खिडकीत उभा असताना गोळी लागून मेला होता. भाभींनी हे मला सांगितलं नाही, पण 'खिडकी' आणि 'गोली' हे शब्द मला कळले. नवरा मला गॅलरीत उभी राहू नकोस म्हणाला होता. मी त्याला खिडकीत उभा राहू नकोस असं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर काहीच कळेना. मी टेलिफोन बूथमध्ये जाऊन नंबर लावायचे. बूथवाला फोन कानाला लावून ऐकायचा आणि मान हलवायचा. मशीद बंदरच्या ऑफिसचा फोन नुसता वाजत राहायचा. वर्गात मुलांना पाढे म्हणायला सांगून मी खिडकीबाहेर बघत राहायचे.  मुलगी त्या नोटा मांडून दुकान खेळायची. एकदा ती मला नोट देऊन साखर मागायला लागली तेव्हा मी सगळ्या गोळा करून माळ्यावर टाकल्या आणि ती रडली.

शेवटी ठरवलं की मशीद बंदरला स्वतः जायचं. पण तो भाग मुसलमान वस्तीला लागून, आणि मुंबई नुकतीच थंडावलेली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वेडी आहेस का. मी भाभींना सांगायला गेले, मुलीला दिवसभर सांभाळाल का म्हणून. त्यांनी मला आत बसवलं. मग म्हणाल्या की त्यांना आईला बघायला जायचं आहे, पण वाटेतल्या मुंबईची भीती वाटते. मुलाला तर त्या उंबऱ्याबाहेर जाऊ देत नव्हत्या.

"मी वाटेत तुझ्याबरोबर राहीन," त्या म्हणाल्या, "तिथे तू माझ्याबरोबर राहा."

मुलीला त्यांच्या मुलाकडे ठेवून आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. भाभींनी बुरखा घेतला नव्हता. फिकट हिरवी साडी नेसल्या होत्या आणि पदर डोक्यावरून घ्यायला हात सारखा वर जायचा, तो त्या परत मांडीवर आणून ठेवायच्या.  मी त्यांना हाक मारणार होते आणि थांबले, कारण भाभी म्हटलं तर कुणी काही ओळखेल का, ते मला ठरवता येईना. खाडीचा पूल गेला, मानखुर्द गेलं. चेंबूरच्या पुढे जळलेली दुकानं दिसू लागली. शटर वितळून खाली लोंबत होतं. पुढच्या सीटवरचा एक माणूस शेजाऱ्याला मोठ्याने सांगत होता की हे आधीच व्हायला हवं होतं. भाभी समोर बघत बसल्या होत्या. त्यांचा दंड माझ्या दंडाला लागला होता आणि तो थंडगार पडला होता.

दादरहून टॅक्सी केली. टॅक्सीवाला मोहम्मद अली रोडच्या अलीकडे थांबला, पुढे येत नाही म्हणाला. आम्ही चालू लागलो. आता घाबरायची पाळी माझी होती. रस्त्यात काचा होत्या, नाक्यानाक्यावर पोलीस होते, उघड्या दुकानांतले लोक आमच्याकडे बघत होते, निदान मला तसं वाटत होतं. मी मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सरकवलं. भाभींनी ते पाहिलं.

"राहू दे बाहेर," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर आहेस ना."

त्यांची आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. म्हातारीने आधी लेकीला आणि मग मलाही छातीशी धरलं. भाऊ सुखरूप होता, त्याचं दुकान गेलं होतं. भाभी तिथे अजिबात रडल्या नाहीत. चहा होताच त्या भावाला घेऊन माझ्याबरोबर ऑफिसला निघाल्या.

ऑफिस अर्धं शटर ओढून उघडं होतं. शेठच्या भावाने आम्हाला बसवलं. फोनची वायर काढून ठेवली होती, कारण सगळ्या घरांतून फोन येत होते आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याने खरं तेच सांगितलं. आपली बरीच माणसं होडीने, फेरीने नदी ओलांडून पलीकडच्या देशातल्या ब्राझाव्हिलला पोचली होती. शेठही पोचला होता. कारखान्यातल्या माणसांचं मात्र अजून काही समजलं नव्हतं.

"त्याने ती नोट घेतली असती तर?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

"कुणी घेतली आणि कुणी नाही, बेन," तो म्हणाला, "सैनिक ते तेव्हा विचारत नव्हते."

परतीच्या बसमध्ये भाभींनी माझा हात धरून ठेवला. कुवेतच्या वेळी पहिली बातमी आली ती चुकीची होती, नवरा गेल्याची होती, हे त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. चार दिवस त्या विधवा होत्या. म्हणून कुणी काही सांगितलं तरी तू त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मानू नकोस, म्हणाल्या.

आवाज आठवडाभरात आला. ब्राझाव्हिलहून. मेडिकलवाला जिना धावत चढून आला होता. नवरा एवढंच म्हणाला, "मी आहे." मग मिनिटं संपतायत म्हणून मागून कुणीतरी त्याला हिंदीत बोलत होतं.

तो घरी आला तेव्हा त्याच्या अंगावर दुसऱ्याचा शर्ट होता आणि पायात रबरी चपला. जे झालं ते त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं. सैनिक आले तेव्हा बॉयलरवरच्या म्हाताऱ्याने त्याला स्वतःच्या घरी नेलं. तिथे तो म्हाताऱ्याच्या बायको-मुलींच्या खोलीत पडद्यामागे राहिला. बाहेर गोळ्या चालत आणि आत ती बाई रोज त्याच्यापुढे ताट ठेवी. राष्ट्राध्यक्षाच्या खास फौजेने बंड मोडल्यावर म्हाताऱ्याने त्याला नदीवर सोडलं. कारखान्याच्या वायरी पुन्हा एकदा ओढून नेल्या होत्या. या वेळी छपराचे पत्रेही.

शेठने त्याच वर्षी परत बोलावलं. नवरा जायला का तयार होता, हे मला आजही समजत नाही. मी रडले नाही, भांडले नाही. भाभींना बोलावून आणलं. त्या त्याच्यासमोर बसल्या आणि चार दिवस विधवा असणं म्हणजे काय, ते त्याला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी तळोज्याला जाऊन त्याने ठेकेदाराकडे कमी पगारावर काम धरलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरात पैसा टिकला नाही, कारण तो टिकू द्यायचा नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. पगाराच्या दिवशी तो थेट बाजारात जायचा आणि तांदळाची गोणी, तेलाचे डबे, साबणाच्या वड्या घेऊन यायचा. पलंगाखाली जागा उरली नाही. मी चिडायचे, पण गोणी ठेवायला जागा करून द्यायचे. नोटा खिशात असेपर्यंत तो घराचा जिना चढत नसे.

त्र्याण्णवच्या शेवटाकडे भाभींच्या रेडिओवर ऐकलं की तिकडे नवा झैर आला, तीस लाख जुन्यांना एक नवा. एका प्रांताने तो घेतलाच नाही, तिथले लोक जुन्याच फाटक्या नोटा चालवत राहिले. नवरा म्हणाला, शहाणे आहेत. पुढे देशाचं नाव बदललं, मग नोटेचंही. तोपर्यंत भाभी पनवेलबाहेर करंजाड्याकडे राहायला गेल्या होत्या. ती बातमी आम्ही पेपरात वाचली, आणि तो मला म्हणाला की बॉयलरवरचा म्हातारा जिवंत असेल का. आम्ही दोघांनी थोडा वेळ त्याच्या वयाचा अंदाज केला. मग नवऱ्याची कामावरची पाळी होती, म्हणून तो डबा घेऊन निघाला.