मुरुमाचा रस्ता

माझा आवाज मोठा आहे. देवासच्या आमच्या घरात तो दोष समजला जायचा. नाना, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे आणि घरीही त्यांना वर्गातल्यासारखी शांतता लागायची. पण गंधवानीच्या पुढे, सोलर प्लांटच्या साइटवर, चहूबाजूंनी मशिनं धडधडत असताना याच आवाजाचं सोनं झालं. मी तिथे सिव्हिल इंजिनिअर होते आणि प्लांटचा सगळ्यात नावडता भाग माझ्या गळ्यात पडला होता. तो भाग म्हणजे टेकडी.

सपाटीवरचं काम भराभर पुढे चाललं होतं. टेकडीचं घोडं मात्र पायथ्यालाच अडलं होतं, कारण पायथ्याशी काळ्या मातीचा रुंद पट्टा होता. या मातीची गंमत अशी की वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भिजली की ती कुणाला सोडत नाही. दिवाळी होऊन गेली तरी तिच्या पोटातली ओल जाईना. त्यात मावठा झाला. आमच्या माळव्यात हिवाळ्यातल्या पावसाला मावठा म्हणतात. गहू-हरभरेवाले खूश झाले आणि आम्ही डोक्याला हात लावून बसलो. पॅनल भरलेला ट्रक निम्म्या चाकापर्यंत रुतला. त्याला ओढायला पोकलेन गेलं, तेही रुतलं. मग मोठ्या तोऱ्यात ट्रॅक्टर आला. लग्नात ग्रुप फोटोला उभे राहतात तसे तिघेही एका ओळीत उभे राहिले.

प्रोजेक्टचे साहेब अतिशय शांत माणूस. मला त्यांचा राग यायचा तो त्यामुळेच. त्यांनी नकाशा उघडला, टेकडीवर आडवी रेघ मारली आणि शेजारच्या सपाट तुकड्यावर बोट ठेवलं. "टेकड़ी छोड़ते हैं. सरकार से ये माँग लेंगे."

तो तुकडा म्हणजे गावाची चरनोई, मराठीत गायरान. ती घेणार नाही असं मी गावात सांगून बसले होते.

सांगितलं होतं सरपंचबाईंना. सर्वेच्या वेळी त्या आमच्या खुंट्यांमागून खुंट्या बघत फिरल्या होत्या. त्यांचं माहेर निसरपुरकडचं. घर, शेत, आंब्याची झाडं, सगळं धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. "एक बार पानी में गई, मैडम," त्या म्हणाल्या होत्या, "अब काँच के नीचे नहीं जाने दूँगी." मी म्हटलं, "नहीं जाएगी. मैं बोल रही हूँ." असं बोलायचा अधिकार मला कंपनीने दिलेला नव्हता. पण बोलून गेले, आणि बोलल्यावर ते मला पटलंही.

म्हणून त्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी आवाज लावला. शेजारच्या कंटेनरमधल्या पोरांनी कामं थांबवून ऐकलं म्हणे. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "होली से पहले भरा हुआ ट्रक ऊपर चढ़ाकर दिखाओ," ते म्हणाले. "नहीं तो चरनोई का प्रस्ताव जाएगा."

रस्ता करायचा तर मुरूम हवा. जवळच्या खाणींचा माल कुठल्या ना कुठल्या हायवेला बांधलेला. दोन दिवस मी अमझेऱ्यापर्यंत गाडी पळवली, फोन करून करून कान तापले, आणि हात हलवत परत आले. मग मनाचा हिय्या करून सरपंचबाईंच्या दारात गेले. चरनोईच्या प्रस्तावाची गोष्ट त्यांना माझ्याकडूनच कळायला हवी होती.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला खाट दिली. मग म्हणाल्या, "कल तालाब पर हलमा है. तू भी आ. अपना औजार और अपनी रोटी लेकर आना."

हलमा ही भिलांची रीत. एखादं काम एकट्याच्या आवाक्याबाहेर गेलं की हाक घालायची. मग आसपासच्या पाड्यांवरून माणसं येतात, मजुरी कोणी घेत नाही, हत्यार आणि भाकरी ज्याची त्याची. गावचा तलाव गाळाने इतका भरला होता की तो थंडीतच आटला होता. त्याच्यासाठी ही हाक होती.

परत येताना मी विचार करत होते की माझं औजार कोणतं? माझ्याकडे लॅपटॉप आणि शिट्टी. साइटच्या फाटकाशी पोचले तर समोर पोकलेन उभं, नुकतंच चिखलातून निघालेलं आणि रस्त्याअभावी बिनकामाचं. मी ते मागायला सरळ साहेबांकडे गेले. आश्चर्य म्हणजे ते लगेच हो म्हणाले, पण वर म्हणाले, कंपनीचं बॅनर लावू, फोटोग्राफर बोलावू. मी म्हटलं, बॅनर गेलं तर मी जाणार नाही. ते हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले असावेत.

सकाळी तलावाच्या पाळीवर नुसती माणसंच माणसं. गैती म्हणजे टिकाव, फावडी, माती वाहायच्या तगाऱ्या, एक ढोल. पोकलेनचा ऑपरेटर इंदूरचा, जिभेने तिखट. मशीन उतरवताना म्हणाला, "मैडम, औजार तो आ गया, मेरी रोटी?" मी म्हटलं, "भिया, मेरे डब्बे में है. देवास की दशमी है, खाकर देखो." दशम्या नानांनी स्वतः करून पाठवल्या होत्या. आई गेल्यापासून ते एवढं एकच शिकले आणि ते मात्र फक्कड शिकले.

दुपारपर्यंत गाळ निघत राहिला. काळाभोर, लोण्यासारखा. बाया तगाऱ्या भरभरून तो आपापल्या शेतांत नेत होत्या आणि मीही त्या रांगेत होते. माझी तगारी दर खेपेला थोडी कमी भरली जात होती हे माझ्या लक्षात आलं, पण मी तक्रार केली नाही. मग गाळ संपला, मशिनचे दात खाली लागले, आणि आवाज बदलला. करकर. बकेट वर आलं तेव्हा त्यात पिवळट तांबूस, खडखडीत माल होता.

"मुरूम!" मी अशी किंचाळले की ढोल थांबला.

गावाला तो नको होता. शेतात त्याचा काही उपयोग नाही. आणि मी ज्याच्यासाठी रानोमाळ हिंडले तो काळ्या मातीच्या पट्ट्याच्या काठावर, गावच्या तलावात पडून होता. मी चिखलाच्या हातांनी सरपंचबाईंना गाठलं आणि म्हटलं, हा मला द्या, बदल्यात तलाव पाहिजे तेवढा खोल करून देते. त्यांनी भुवया चढवल्या. "हलमे में सौदा नहीं होता." माझा चेहरा पडला असावा, कारण त्या लगेच पुढे म्हणाल्या, "हलमा शाम तक है. बात कल होगी."

दुसऱ्या दिवशी महुआच्या झाडाखाली गाव बसलं. बोलणं पुष्कळ झालं. त्यातलं निम्मं भिलीत, त्यामुळे मी प्रत्येकाच्या मानेकडे बघत होते, हो की नाही. शेवटी ठरलं की तलाव अजून खोल व्हावा, मुरूम टेकडीच्या रस्त्याला जावा, आणि त्या रस्त्यावरून गावची गुरं कायम जातील-येतील, त्याला फाटक लागणार नाही. पंचायतीने ठराव केला. पुढच्या परवानग्या साहेबांनी स्वतः हिंडून मिळवल्या. त्यांचा तो शांतपणा कचेऱ्यांमध्ये काय काम करतो ते मला तेव्हा कळलं, आणि माझा राग बराच उतरला.

मग आम्ही रस्ता केला. काळी माती खरवडली, खाली दगड भरला, वर मुरूम, पाणी, रोलर, पुन्हा मुरूम. होळी जवळ आली, पळस फुलला, बाजारात भगोऱ्याची, म्हणजे भिलांच्या होळीआधीच्या जत्रेची, गडबड सुरू झाली, आणि एका सकाळी पॅनल भरलेला ट्रक पट्ट्याच्या तोंडाशी उभा राहिला. मी पुढे उलटी चालत होते, ड्रायव्हरला हातांनी बोलावत. चाकं मुरुमावर करकरत होती. माझी नजर चाकांवरून हलत नव्हती. अर्ध्यात ट्रक गचकला आणि मी जागीच थांबले. ड्रायव्हर नुसता गियर बदलत होता! ट्रक पट्टा ओलांडून चढाला लागला आणि वर साहेबांच्या पायांपाशी जाऊन थांबला. मी मुरुमातच बसले आणि मोठ्याने रडले. आनंदाने रडायला मला लाज वाटत नाही.

साहेब म्हणाले, "चढ़ गया." आणि चरनोईच्या प्रस्तावाचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

टेकडीने पुढे आम्हाला छळलंच. उतारावर ड्रिल मशिनं साखळ्यांनी बांधून ठेवावी लागली, काळ्या दगडाने ड्रिलचे दात खाल्ले. पण त्या दगडात बसवलेले खांब असे घट्ट बसले की ओढून बघायच्या चाचणीत एकही तसूभर हलला नाही. ज्या टेकडीला सगळे नाकं मुरडत होते ती सगळ्यात पक्की निघाली.

प्लांट चालू झाला त्या दिवशी मी नानांना देवासहून बोलावलं. वर उभं राहून त्यांनी सगळीकडे पाहिलं. उतारभर पॅनल चमकत होते, विजेचे आकडे चढत होते, लोक माझं अभिनंदन करत होते. मग गणिताच्या मास्तरांनी चूक काढलीच. खाली बोट दाखवून म्हणाले, "काय गं, एवढं सपाट रान मोकळं टाकून टेकडीवर कशाला कडमडलात?"

मी उत्तर देणार तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सरपंचबाई पुढे झाल्या. मराठी त्यांना येत नाही, पण बोट कुठे आहे ते दिसत होतं. "दाजी," त्या म्हणाल्या (माळव्यात वडीलधाऱ्यांना दाजी म्हणतात), "वो हमारी चरनोई है. आपकी बेटी ने ज़बान दी थी."

नानांनी पुन्हा खाली पाहिलं. गुरं चरत होती. मग ते माझ्याकडे वळले आणि मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं एवढ्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शाब्बास!"